फक्कीच्या रेघा
मैदानावर फक्कीच्या रेघा मारताना तो कोरडा, पांढरा वास आला की मला भवानीनगरची ती सकाळ दिसते. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. पुण्याहून क्रीडा व्यवस्थापनाचा फॉर्म आणला होता, पण साखर कारखान्यात फिटर असलेले माझे वडील, आबा, सही करेनात. "खेळ भरवायला शिकावं लागतं व्हय?" म्हणायचे. त्या दिवशी मुलींची कबड्डी भरवायचं काम माझ्याकडं होतं, आणि नेमकं पहाटे पाटाचं पाणी मैदानात शिरलं. निमगावच्या, भिगवणच्या पोरी येऊन हिरमुसून बांधावर बसल्या. मी धावत कारखान्यात गेले, उसाचा वाळला भुसा ट्रॉलीभर मागून आणला. पोरींनाच हाताशी घेऊन तो पसरला, वर कोरडी माती टाकली, रेघा मारल्या. धुकं विरत होतं, हवेत मळीचा गोडसर वास तरंगत होता, आणि पहिली शिट्टी वाजली तेव्हा सगळं स्वप्नातल्यासारखं वाटलं. रात्रपाळी संपवून आलेले आबा कडेला उभे होते. बराच वेळ खेळ बघून हळूच म्हणाले, "तू नसतीस तर ह्या पोरी तशाच माघारी गेल्या असत्या. आण तो फॉर्म." पुढं मी हेच शिकले, आयुष्यभर हेच केलं, आबांनी माझं कौतुक केलं ते मात्र तेवढं एकदाच.