शिवणवर्ग बंद पडला त्याची गोष्ट

रोजगार खात्याच्या शिवणवर्गाच्या बाई म्हणजे गावातलं बडं प्रस्थ. त्यांना सगळे मास्तरीणबाई म्हणत, नवरासुद्धा. बायकांना शिवण शिकवून कामाला लावायचं, ही खात्याची योजना. त्यातला शिकवण्याचा भाग बाईंनी इतका मनावर घेतला, की घरोघरी शिंपीण तयार झाली आणि कपडे शिवायला टाकणारं कुणी उरलं नाही.

मग खात्याने एका अर्थतज्ज्ञ मुलीला तपासायला पाठवलं. तिने वर्गासाठी अर्ज केलेल्या बायकांच्या चिठ्ठ्या टाकल्या. निम्म्या वर्गात, निम्म्या घरी.

"चिठ्ठ्या कशाला? हुशार बाई मी तोंड बघून ओळखते," मास्तरीणबाई फणकारल्या.

"म्हणूनच. तिला नोकरी लागली तर ती तुमच्यामुळे की तिच्या हुशारीमुळे, हे कळणार कसं?"

वर्षाने ती निकाल घेऊन आली. नोकरी लागण्यात दोन्ही गट सारखे.

"म्हणजे माझं शिकवणं आणि घरी लोळणं सारखंच?"

"अगदी सारखं नाही. घरच्या किंचित पुढे आहेत."

बाईंनी तिला बसायलाही सांगितलं नाही.

पण पोरगी चिवट. दारोदार फिरून तिने विचारलं, कामाला का जात नाही? गावाबाहेरच्या कपड्यांच्या कारखान्यात जागा होत्या, तिथे कामही शिकवत. पण कामाची पाळी सुटल्यावर परतायला बस नव्हती. खात्याने आधी दोन वस्त्यांना बस देऊन पाहिली. तिथल्या बायका भराभर कामाला लागल्या. मग वर्ग बंद करून सगळीकडे बस सुरू केली.

बाईंनी खात्यातल्या साहेबांचं डोकं खाल्लं. "बस काय शिवण शिकवते?"

"नाही, पण कामावर पोचवते," साहेब म्हणाले.

रिकामपणी बाईंनी घरातले पडदे उसवून पुन्हा शिवले आणि मग नवऱ्याच्या पँटींकडे मोर्चा वळवला. दुसरी पँट घोट्याच्या वर गेली तेव्हा त्याने हात जोडले. "मास्तरीणबाई, तुम्हीच जा त्या बसने."

कारखान्यात दिवसभर नुसत्या कॉलरी लावायच्या. वर सुपरवायझर म्हणून त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. पहिल्याच दिवशी ती हळूच म्हणाली, "बाई, कॉलर उलटी लागलीय." बाईंनी राग गिळला आणि उसवायला घेतलं. पगार हातात पडल्यावर राग बराच उतरला.

पुढे ती अर्थतज्ज्ञ मुलगी पुन्हा चौकशीला आली. बाईंनी स्वतःहून खुर्ची सरकवली.

"लिही, बस रोज उशिरा येते. आणि ठळक लिही, तुझे साहेब बारीक अक्षर वाचत नाहीत."