चार पॉइंट सातच्या डिस्कवर मावलेलं लग्न

डिस्कच्या डब्यावर जेवढी जागा लिहिलेली असते तेवढी सगळी आपल्या हाती येत नाही, हे मला माझ्या धाकट्या जावेनं समजावून सांगितलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं लिहिता लिहिता हात आखडायची भीती वाटते. तिच्याबद्दल चांगलं बोलायला मला अजून जड जातं.

माझं माहेर किनवटच्या पलीकडं, जंगलाच्या कडेला. तिथून सकाळी निघालं तर जालन्यात पोचेपर्यंत दिवे लागतात. आठवीत शाळा सुटली आणि पुढं लग्न होऊन इथं आले. सासरी लग्नाच्या शूटिंगचा धंदा. आमचे हे आणि धाकटे भाऊजी कॅमेरा घेऊन गावोगाव जायचे, आणि घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटरवर मिक्सिंग करायला एक पगारी माणूस यायचा. त्याला चहा द्यायच्या निमित्तानं मी मागं उभी राहून बघायची. ऐन लग्नसराईत तो सोडून गेला. मी घाबरत घाबरत म्हणाले, "मी बसून बघू का?" बसले ती बसलेच.

त्या खुर्चीत असले की सासूबाई मला भाजी निवडायला हाक मारायच्या नाहीत. गिऱ्हाईक 'म्याडम' म्हणायचं. शाळेतून काढलेल्या बाईला हे किती होतं, ते काय सांगू. आणि तेवढीच धास्तीही असायची, की कोणीतरी येईल आणि म्हणेल, ऊठ.

मग धाकटी जाऊ आली. बदनापूरची. बारावी पास, वर कॉम्प्युटरचा कोर्स, आणि त्याचं सर्टिफिकेट लॅमिनेट केलेलं. सासूबाईंनी ते शेजारणींना दाखवलं. "आमची धाकटी कॉम्प्युटर शिकलेली हाय." मी त्याच कॉम्प्युटरवर कितीतरी लग्नं लावली होती, पण मी नुसती 'बसायची', शिकलेली ती. शिवाय तिचं माहेर एवढं जवळ, की तिचे वडील पॅसेंजरनं मोसंबीची पिशवी घेऊन दुपारी यायचे आणि संध्याकाळी परत जायचे. माझी आई मला शेजाऱ्यांच्या फोनवर भेटायची, तेही त्यांच्या घरचं जेवण चालू नसेल तर. ती मोसंबी मी खायची, गोडही लागायची, पण सोलताना साल जरा जोरातच ओढली जायची.

तिनं खुर्ची कधी मागितली नाही. काम उरकून पदराला हात पुसत दारात उभी राहायची आणि पडद्याकडं बघायची. तसं बघणं माझ्या ओळखीचं होतं. म्हणून तर जास्त टोचायचं.

आधी आम्ही लग्न सीडीवर द्यायचो. एका सीडीत ऐंशी मिनिटं, एका लग्नाच्या तीन सीड्या. मिनिटं मोजायची, बाकी काही बघायचं नाही. मग डीव्हीडी आली. डब्यावर लिहिलेलं, ४.७ जीबी. घनसावंगीकडच्या एका लग्नाचं काम आलं तेव्हा नवरदेवाचे मामा समोर बसून म्हणाले, "म्याडम, एकच डिस्क पायजे. गोंधळाला समदे पाव्हणे जमणारेत. मधीच सीडी बदलायला उठायचं न्हाई."

"बरं."

"आन् आहेर एक बी कापायचा न्हाई. ज्यानं टोपी-टॉवेल केला तो दिसला पायजे. मागल्या लग्नात आमच्या साडूचा आहेर कापला गेल्ता. तव्हापासून तो बोलून न्हाई राह्यला."

"बराबर बसतंय एका डिस्कवर," मी म्हणाले. सासूबाईंनी ऐकलं, भाऊजींनी ऐकलं, दारातून जावेनंही ऐकलं.

मामा डिस्क न्यायला येणार त्या दिवशी सकाळी सगळं तयार होतं. फाइल साडेचार जीबीची, डब्यावर चार पॉइंट सात. म्हणजे वर जागा उरायला हवी. बर्न करायला गेले तर पडद्यावरची पट्टी लाल. जागा अपुरी. दुसरी डिस्क घातली, तेच. माल नकली आहे असं ठरवून मी ह्यांना बाजारात भांडायला पाठवलं. हे दुसऱ्या कंपनीच्या डिस्क आणि दुकानदाराचं बोलणं घेऊन आले. "म्हणे, तुमच्या बाईला इचारा काय घुसडून राह्यली." नवी डिस्क घातली. पट्टी लालच.

"काय झालं गं?" सासूबाईंनी विचारलं.

"काही न्हाई, मशीन गरम झालंय."

भाऊजी ओट्यावरून म्हणाले, "वहिनी, हिला बसू द्या ना जरा. हिनं कोर्स केलेला हाय."

"कोर्समधी लग्न शिकवतेत का?" मी म्हणाले. जाऊ आत गेली. आज ती या खुर्चीत बसली की मी पुन्हा भाजीच्या ताटापुढं, हे मला स्पष्ट दिसत होतं.

शेवटी मी आहेर कापायला घेतला. नवरीला कुंकू लावून साडी देणारी एक म्हातारी होती. कोणाची कोण, तिला काढलं तर कोण ओळखणार, असा विचार करत होते. तेवढ्यात भाऊजी बाहेर गेले, सासूबाई गिरणीवर गेल्या. तेव्हाच जाऊ चहा घेऊन आली. मी पूर्वी उभी राहायची तिथंच, खुर्चीच्या मागं, उभी राहिली.

"ताई, डिस्क नकली न्हाई."

"मंग?"

"तुमच्या गावाकडं कडब्याचा शेकडा कितीचा?"

मला रागच आला. "आता कडबा कुठून आला मधी?"

"सांगा तर."

"शंभर, अन् वर चार पेंढ्या."

"अन् वरच्या पेंढ्या न धरता नुसत्या शंभरानं मोजलं तर? तीच गंजी जास्त शेकड्यांची भरती ना? कंपनी नुसत्या हजारानं मोजती. आपला कॉम्प्युटर हजारावर चोवीस धरून मोजतो. ते बी तीनदा, केबीला, एमबीला, जीबीला. म्हणून त्यांचे चार पॉइंट सात आपल्याकडं चार पॉइंट तीन आठच भरतेत. खोटं कोणीच बोलत न्हाई. माप वेगळं हाय."

वडिलांना कडबा मोजून देताना मी लहानपणी शेजारी उभी असायची. एका क्षणात समजलं. आणि तिच्याकडून समजावं, याचा त्याच क्षणी संताप आला.

"मंग आता?"

"आहेर ऱ्हाऊ द्या. गाणं काढा."

गाणं म्हणजे माझी खास करामत. नवरा-नवरी गुलाबाच्या फुलात, वरून पाकळ्या, कबुतरं उडतायत. त्याच्यावर मी जीव ओतला होता. "ते तर माझं..." मी म्हणाले.

"आहेरातलं माणूस गेलं तर भांडण व्हईल, ताई. फुलांवरून कोणी भांडत न्हाई. गाणं सीडीवर अलग द्या. वरच्या पेंढ्या म्हणून."

सासूबाई यायच्या आत ती स्वयंपाकघरात गेली. मी गाणं काढलं. पट्टी निळी झाली. डिस्क निघाली तेव्हा चहा गार झाला होता, तसाच प्यायले.

मामा दुपारच्या जीपनं आले. टीव्हीवर आहेर पुढं पळवत पळवत साडूपाशी थांबले. "हां. दिसला." मग सीडी हातात घेऊन म्हणाले, "हे कशाचं?"

"वरचं."

मामा हसले. "म्याडम, काम पक्कं हाय तुमचं."

सासूबाई दारातून म्हणाल्या, "आमची थोरली हाय ती. नुसती आठवी, पण डोकं बघा." माझी आठवी त्यांनी चारचौघांत अशी पहिल्यांदाच उच्चारली. आत लसूण ठेचल्याचा आवाज येत होता. तो थांबला नाही. बाहेर येऊन जाऊ एक वाक्य बोलली असती तर खुर्ची तिची होती. ती आली नाही.

उपकारानं हेवा विरतो म्हणतात. माझा वाढला. शिक्षण तिचं, जवळचं माहेर तिचं, आणि आता मोठं मनही तिचंच.

आता मी कोणतंही लग्न चार पॉइंट तीनच्या आतच बसवते. गिऱ्हाईकानं विचारलं की कडब्याचा हिशोब सांगते. लोक माना डोलावतात. तो हिशोब कोणाचा, ते मात्र तोंडातून निघत नाही. मोसंबी अजून येतात. जाऊ अजून दारात उभी राहून बघते.

एक दिवस, लग्नसराई ऐन भरात असताना, सासूबाई समोर असताना, मी उठेन, खुर्ची मागं ओढेन आणि तिला म्हणेन, "बस." कडब्याचं मला कोणी सांगितलं तेही त्याच वेळी सांगेन. अजून झालेलं नाही. पण करीन. लिहून ठेवलंय, म्हणजे आता मला मागं फिरता येणार नाही.