आधी पापड

"पापड? आवं, पोरगी बघाय आलोय आमी. पोहं कुठं हायत?"

कोरेगावहून आलेले मुलाचे सुभेदार काका सांगलीतल्या आमच्या दोन खोल्यांत असे गरजले की कृष्णेपल्याडच्या म्हशींनी दूध चोरलं.

आज पापड भाजताना मिऱ्यांचा वास सुटला आणि मी पुन्हा सत्तरच्या दशकातल्या त्या सतरंजीवर घामाघूम बसले. मुलानं मला कॉलेजातच पसंत केलं होतं. घरच्यांचा होकार तेवढा या काकांच्या मिशांत अडकला होता.

फाळणीत सिंध सोडून आलेल्या, मला आईविना वाढवणाऱ्या दादीनं, माझ्या आजीनं, शांतपणे ताट पुढं सरकवलं. "आमच्यात पाहुण्याला आधी पापड-पाणी."

पापड गाडीच्या चाकाएवढा, पातळ इतका की पलीकडचे काका दिसत होते. त्यांनी नाइलाजानं एक मोडला. मग सात खाल्ले. मी सगळ्यांना सतरा सांगते.

तेव्हा मला दादीचा भयंकर राग आला होता. पोहे तिला सहज जमले असते. पण आपलं घर जसं आहे तसंच तिला दाखवायचं होतं, हे मला स्वतः आजी झाल्यावर कळलं.

मिशीतला चुरा झटकत काकांनी विचारलं, "पोरीला येत्यात का असं?"

"नाही येत," दादी म्हणाली. "दर महिन्याला मी पाठवीन."