कोपराखालची उशी

ऑपरेशन थिएटरातल्या मामांना त्यांचं नाव कधी कुणी विचारलं नाही. पेशंट भुलीत असत आणि डॉक्टर घाईत. तेहेतीस वर्षं मामांनी एकच काम केलं. माणसाला ट्रॉलीवरून टेबलावर घ्यायचं, नीट निजवायचं, आणि ऑपरेशन उरकलं की पुन्हा ट्रॉलीवर. ज्याला हे सोपं वाटतं त्यानं एकदा भूल दिलेलं शंभर किलोंचं शरीर सरकवून बघावं. मान एकीकडे जाते, हात दुसरीकडे, आणि बिचारा ‘आई गं’ सुद्धा म्हणत नाही. जाग्या माणसाला काही टोचलं की तो कूस बदलतो. भुलीतल्याचं दुखणं दुसऱ्या कुणाच्या तरी ध्यानात राहावं लागतं.

म्हणून मामांचा एक पाठ होता: डोकं, कोपर, ढुंगण, टाच. या चारही जागांखाली मऊ उशी हवी, आणि मध्येच टेबल कलवलं तर सगळं पहिल्यापासून बघायचं. नव्या सिस्टर तिसऱ्या शब्दाला खुदकन हसत. मामा म्हणत, “हसा खुशाल, पण विसरू नका.”

आणि आठ महिन्यांपूर्वी त्यांचंच चुकलं. विसरले म्हणावं तर तेही खरं नाही. पित्ताशयाचं ऑपरेशन होतं, पेशंट एक शिवणकाम करणारी बाई. मध्येच मोठ्या डॉक्टरांनी टेबल डावीकडे कलवायला लावलं. अंगावर हिरवी कापडं पसरलेली. खाली डोकावायचं तर ‘थांबा’ म्हणावं लागणार. डॉक्टरांचा पारा आधीच चढलेला, दोघांना तासून झालेलं. मामांच्या ओठांवर शब्द आला आणि तिथंच राहिला.

दोन तासांनी कापडं काढली तर उशी जमिनीवर आणि बाईचं डावं कोपर टेबलाच्या लोखंडी कडेवर. कातडीवर लाल खाच. मामांनी उशी उचलली आणि कपाटात ठेवली. सिस्टरनं विचारलं, “उशा सगळ्या जागेवर होत्या ना?”

“होत्या.”

तिनं तसं लिहिलं. बाईची करंगळी आणि शेजारचं बोट मात्र बधिर राहिलं ते राहिलंच.

त्या दिवसापासून मामाही तसेच झाले. जेवायचे, पण काय जेवले ते सांगता यायचं नाही. एकदा बायकोनं भाजीत मीठच घातलं नव्हतं. मामांनी निमूटपणे ताट संपवलं. “तुम्हाला काय कुणी भूल दिलीय का?” ती म्हणाली. मामा हसले नाहीत की रागावले नाहीत. लेकीला मुलगी झाल्याचा फोन आला तेव्हा ‘बरं झालं’ म्हणून ते बूट पुसत बसले. रडू येईल तर बरं, असं त्यांना वाटायचं. तेही येत नव्हतं.

आणि एका सकाळी तीच बाई पुन्हा आली. या वेळी गर्भाशयाचं ऑपरेशन. थिएटरच्या दाराबाहेर ट्रॉलीवर ती निजली होती आणि मामा तिच्या उशाशी उभे.

“मामा, आज उजवा हात तेवढा सांभाळा हो,” ती म्हणाली. “कात्री त्यानं धरते. डावा तर गेलाच. परवा सुई बोटातून आरपार गेली, आणि मला कळलं कधी? गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टावर रक्त दिसलं तेव्हा.”

मामांनी तिच्या डाव्या करंगळीकडे बघितलं.

“डॉक्टर म्हणाले, तुमचीच नस नाजूक आहे. असेल.”

निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. गप्प बसले असते तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.

“नस चांगली होती ताई,” मामा म्हणाले. “उशी सरकली होती. ती बघणं माझं काम. मी बघितली नाही, आणि नंतर कुणाला सांगितलंही नाही.”

बाईनं डावा हात उचलून डोळ्यांसमोर धरला. मामांना वाटलं, आता ही ओरडेल. ओरडली असती तर त्यांना बरंच वाटलं असतं.

“आज टेबलापाशी कोण आहे?”

“मीच. दुसरं कुणी हवं असेल तर सिस्टरला सांगतो.”

“नको,” ती म्हणाली. “तुम्हीच थांबा. काय सरकतं ते तुम्हाला ठाऊक आहे.”

आत भुलीच्या डॉक्टरबाईंनी डोकं धरलं, एक-दोन-तीन म्हटलं, आणि चौघांनी मिळून तिला टेबलावर घेतलं. डोकं, कोपर, ढुंगण, टाच. तासाभरानं मोठ्या डॉक्टरांनी टेबल कलवायला सांगितलं. कललं.

“थांबा,” मामा म्हणाले.

सगळ्यांनी वर बघितलं. “आता काय?” डॉक्टर खेकसले.

“कोपर बघायचंय.”

मामा वाकून कापडाखाली शिरले. दोन्ही कोपरांखाली उशा जागच्या जागी होत्या. तरी त्यांनी हात घालून चाचपल्या. बाहेर डॉक्टर काहीबाही बोलत होते. मामांना त्याचं काहीच वाटलं नाही.

दुपारी बाई शुद्धीवर आली. मामांनी तिची उजवी करंगळी चिमटीत धरली.

“कळतंय?”

“दुखतंय की!”

मग तिनं आपणहून डावा हात पुढे केला. मामांनी तीही करंगळी दाबली. जोरात दाबली. बाईनं मान हलवली. नाही.

“सकाळी बोललात ते लिहून द्याल?” तिनं विचारलं.

आता तक्रार होणार, हे मामांनी ओळखलं. “देतो. साहेबांकडे द्यायचंय ना?”

“साहेबांचं नंतर बघू. नवऱ्याला दाखवायचंय. आठ महिने तो म्हणतोय, काम टाळायला मी नाटक करते.”

मामा सिस्टरच्या टेबलाशी गेले, कोरा कागद मागून घेतला आणि उभ्याउभ्याच मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘ताईंची बोटं खरोखर बधिर आहेत. त्या नाटक करत नाहीत. उशी सरकली होती, चूक माझी आहे.’ शेवटची ओळ लिहिताना अक्षरं पुसट दिसायला लागली. डोळे पुसून त्यांनी ती पुरी केली. खाली पूर्ण नाव लिहिलं, सही केली, तारीख घातली, आणि कागद तिच्या उजव्या हातात दिला.