संमतीपत्रातलं चौथं कलम

रविवारच्या मराठी वर्गाचं संमतीपत्र मी तयार केलं, तेव्हा पालकांनी माझं फार कौतुक केलं. एक पान, सहा कलमं, खाली सहीची जागा. त्याआधी मुलांना चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर न्यायचं ठरलं होतं आणि दोन घरांच्या चिठ्ठ्या आल्या नाहीत म्हणून सगळी सहल रद्द झाली होती. मला असा ढिसाळपणा सहन होत नाही. म्हणून चौथं कलम घातलं: वर्गातर्फे होणाऱ्या सर्व भाषिक, सांस्कृतिक, धार्मिक व सामाजिक उपक्रमांना माझी संमती आहे, प्रत्येक वेळी वेगळी परवानगी घेण्याची गरज नाही. आमच्या पेरुंगुडीच्या सोसायटीच्या ग्रुपवरही मी तो नमुना टाकला, इंग्रजी भाषांतरासह. कोणाला कशासाठी लागला तर असावा.

वर्ग हवा होता तो माझ्या मुलीसाठी. ती चेन्नईतच जन्मली. तमिळ आणि इंग्रजी फाडफाड, मराठी मात्र आजीच्या फोनपुरती, तीही अडखळत. वर्ग घ्यायला एक निवृत्त गृहस्थ तयार झाले. वेळेवर येत, फळा स्वतः पुसत. मी खूश होते. खाऊची पाळी, चाव्या, हजेरी, सगळं माझ्याकडे होतं. आत काय शिकवतात हे पाहणं तेवढं माझ्या यादीत नव्हतं.

ईदच्या दिवशी खालच्या मजल्यावरची मुलगी दरवर्षीसारखी शेवयांच्या खिरीचा डबा घेऊन आली. दोघी बालवाडीपासून एकत्र, एकाच व्हॅनने शाळेत जाणाऱ्या. माझ्या मुलीने दार उघडलं, डब्याला हात लावला नाही आणि मागे वळून मला म्हणाली, "आई, त्यांच्या घरचं आपण खायचं नसतं. ते लोक मनातून कधीच आपले नसतात."

न अडखळता बोललेली तिची ती पहिली लांब मराठी वाक्यं. एकाच चालीवर, कोणी पाठ करून घेतल्यासारखी. पाहुणीला मराठी कळत नव्हती, म्हणून तिने तेच तमिळमध्ये पुन्हा सांगितलं. नीट, हळू आवाजात. त्या पोरीने डबा छातीशी धरला आणि जिन्याने खाली गेली. लिफ्टसाठीसुद्धा थांबली नाही.

मी तिच्या रविवारच्या वर्गाच्या वह्या काढल्या. पहिल्या पानांवर फळं आणि महिने होते. पुढे आपले आणि परके असे दोन रकाने. त्यापुढे घोषणा, आणि एका पुढाऱ्याच्या स्वागताला रांगेत कसं उभं राहायचं याचं चित्र. रांगेतली मुलं माझ्या लेकीनेच रंगवली होती.

दुसऱ्या दिवशी मी त्या गृहस्थांना गाठलं.

"ताई, एवढं काय झालं? मुलांना आपलं कोण, परकं कोण, हे कळायला नको?"

"अकरा वर्षांच्या पोरीला?"

"लहानपणीच बसतं डोक्यात. मोठी झाल्यावर प्रश्न विचारतात." ते हसले. "आणि आम्ही लपून काही केलं नाही. कागद तुमचाच आहे."

मी अर्धा दिवस रजा काढून अड्यारला एका वकीलबाईंकडे गेले. तंजावरकडच्या घराण्यातल्या, मराठीला तमिळचा हेल. मी मुद्दे काढून नेले होते, वह्यांच्या प्रतीही. मुलांच्या डोक्यात धर्माच्या नि राजकारणाच्या नावाने विष घालण्याविरुद्ध कायदा असेलच, तो कुठला एवढंच विचारायचं होतं.

"मान्यता असलेली शाळा असती, तर बोलता आलं असतं, मा," त्या म्हणाल्या. "तिथं पालकाच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. घटनेतच आहे. हा तर खाजगी वर्ग. घोषणांबद्दल तक्रार देऊन पाहता येईल, पण ते म्हणतील, आईने लिहून दिलंय." त्यांनी माझं संमतीपत्र वाचलं. चौथ्या कलमाशी चष्मा काढला. "हे कुठल्या वकिलाने केलं?"

"मीच."

"चांगलं केलंय. फट कुठंच नाही."

बाहेर येऊन मी रिक्षासुद्धा केली नाही, बसथांब्यापर्यंत चालत गेले. कायदा मुलाला आईबापांच्या भरवशावर सोडतो, आणि आईबाप चिठ्ठीचा त्रास नको म्हणून एकदाच सही करून टाकतात. मुलाला कोणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

मुलीला वर्गातून काढलं. इतर पालकांना पत्र लिहून वह्यांच्या प्रती जोडल्या. तिघांनी अंगठा दाखवणारं चित्र पाठवलं, एकीने विचारलं, "मग आता खाऊची पाळी कोण बघणार?" मुलगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिथे तिला शाबासकी मिळत होती.

पुढच्या शनिवारी तिला घेऊन खाली गेले, माफी मागायला. त्या मुलीच्या आईने आम्हाला बसवलं, चहा दिला. "जाऊ दे अक्का, मुलं आहेत," ती तमिळमध्ये म्हणाली. माझ्या मुलीने मान खाली घालून माफी मागितली. मैत्रीण आतल्या खोलीतून बाहेर आली नाही.

"तिचाही आता रविवारी वर्ग असतो," तिची आई म्हणाली. "आमच्या लोकांचा. त्या दिवसानंतर तिनेच हट्ट धरला. म्हणते, आपली माणसं वेगळी, त्यांच्यात बसलेलं बरं."

टीपॉयवर एक कागद होता. ठेवण ओळखीची वाटली म्हणून उचलला. वरचं शीर्षक बदललेलं, भाषा इंग्रजी, बाकी सहाच्या सहा कलमं माझी.

"तुम्ही ग्रुपवर टाकलेलं होतं ना? फार उपयोगी पडलं, अक्का."

मी पर्समधून पेन काढलं. म्हटलं, "हे चौथं खोडून टाक. ऐक माझं."

"तेच तर सगळ्यात सोयीचं आहे," ती म्हणाली. "दर वेळी कोण चिठ्ठ्या लिहीत बसणार?"

खाली तिची सही झालेली होती. मी पेनाला टोपण लावलं आणि मुलीला म्हटलं, चल.