रविवारचा बर्फ

अख्ख्या चंदीगडात ज्याच्याशी भाव करता येत नाही असा एकच माणूस मला भेटला, आणि तो नेमका माझ्याच घरात वरच्या मजल्यावर अकरा वर्षं राहिला. मी विट्याकडचा. सोनं-चांदी गाळायच्या कामाला सोळाव्या वर्षी इकडे आलो, आधी दुसऱ्याच्या भट्टीसमोर बसलो, मग स्वतःची भट्टी टाकली, मनीमाजऱ्यात घर बांधलं. यातलं काहीही मला पहिल्या बोलीत मिळालेलं नाही. सेक्टर बावीसच्या बाजारात मी मोजे घ्यायला शिरलो तरी दुकानदार आधी घोटभर पाणी पिऊन घेतो. अशा माणसाकडे हे भाडेकरू, आम्ही त्यांना काकाच म्हणतो, जागा बघायला आले. मी भाडं चढवूनच सांगितलं, कारण खाली उतरायला पायऱ्या ठेवाव्या लागतात. काका म्हणाले, "बरं." मी वाट पाहिली. काका खिडकीबाहेर बघत होते. "बरं म्हणजे काय?" मी विचारलं. "म्हणजे बरं. इथून डोंगर दिसतात." समोरचा माणूस भांडतच नाही म्हटल्यावर शेवटी मीच चिडून भाडं खाली आणलं. बायको हा किस्सा अजून पाहुण्यांना रंगवून सांगते.

काका नगरकडचे, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. इथल्या मोठ्या रुग्णालयात त्यांनी सगळी नोकरी एक्स-रे काढण्यात घालवली. काकू तिथेच नर्स होत्या. निवृत्त झाल्यावर काकांनी एक दांडगा कॅमेरा घेतला आणि डोंगर, ढग, झाडं, पाणी यांचे फोटो काढायला सुरुवात केली. "इतकी वर्षं माणसांच्या आतलं बघितलं," ते म्हणायचे, "आता देवाच्या बाहेरचं बघतो." पण हाताची सवय जात नाही. सुखना तलावाच्या काठावर पहाटेच्या धुक्यात कॅमेऱ्याचं तिकाटणं रोवून उभे राहिले की समोरच्या डोंगराला ते हळूच सांगायचे, "लंबी साँस लो जी... रोको... हां, छोड़ दो." डोंगराने श्वास रोखला की नाही देव जाणे, काका मात्र रोखायचे, आणि फिरायला आलेले दोन-चार सरदारजीही त्यांच्याकडे बघत नकळत रोखून धरायचे. मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. पाणी आणि आकाश यांच्यामधली रेघच नाहीशी झाली होती, बदकं हवेत पोहत असल्यासारखी वाटत होती, आणि मीही श्वास रोखून उभा होतो. हे मी घरी कुणाला सांगितलं नाही.

"ही तुमची प्रार्थना का?" असं मी त्यांना विचारलं होतं. ते संकोचले. "तो फार मोठा शब्द झाला, शेठ. मी आपली पोच देतो. माल मिळाला, उत्तम मिळाला, हे पाठवणाऱ्याला कळवायला नको?" मला धर्मातलं फार कळत नाही, पण हे कळलं.

त्यांच्या चर्चमध्ये एक तरुण पंजाबी पाळक आले होते, उत्साही माणूस. त्यांनी काकांचा धुक्यातला फोटो बघितला आणि म्हणाले, "अंकल जी, नीचे कोई वचन डाल दो ना, पीले अक्षरों में. ग्रुप में भेजेंगे." काका म्हणाले, "बेटा, पूरा पन्ना उसी ने लिखा है. अब मैं उस पर क्या लिखूँ?" पाळकांनी मग स्वतःच आकाशावर पिवळी अक्षरं घातली, कोपऱ्यात एक कोकरूही बसवलं, आणि सगळीकडे पाठवून दिलं. मी फोन काकांसमोर धरला. माझी इच्छा होती की त्यांनी एकदा तरी चिडावं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "कोकरू गोड आहे."

फोटोची कड कापणं त्यांना मंजूर नव्हतं. दर फेब्रुवारीत ते झिरकपूरच्या पुढे एका ठरावीक जागी उभे राहून मोहरीच्या शेताचा फोटो काढायचे. पहिल्या वर्षीच्या फोटोत नुसता पिवळा समुद्र आहे. पुढे एक इमारत आली, मग चार, मग क्रेन, मग फ्लॅटच्या जाहिरातीचा बोर्ड. अगदी शेवटच्या फोटोत मोहरी रुमालाएवढी उरली आहे. मी म्हटलं, "काका, बोर्ड तरी कापा. कडेचाच आहे, तो गेला की शेत मोठं दिसेल." "शेत मोठं नाहीये हो," ते म्हणाले. "बरं, निदान क्रेन?" "तिथे माणसं राहायला येणार आहेत. त्यांना कुठे कापू?" मी सांगतो, त्या रुमालाएवढ्या तुकड्याचा पिवळा रंग पहिल्या समुद्रापेक्षा गडद आला आहे. का ते मला सांगता येणार नाही.

सेक्टर त्रेचाळीसच्या स्टँडवरून बस धरून ते कुठे कुठे जायचे. मोरनीच्या डोंगरात एका गावाने त्यांना रस्ता मोजायला आलेला सरकारी माणूस समजलं. तिकाटणं, कॅमेरा, डोळा लावून बघणं, सगळं जुळत होतं. लोकांनी खाट टाकली, ताक दिलं, आणि रस्ता वरच्या अंगाने न्यावा असा सह्यांचा अर्ज हातात ठेवला. काकांनी मी तो नव्हे असं तीन वेळा सांगितलं. गावाने तीनही वेळा मान डोलावली. सरकारी माणूस असंच म्हणणार. मग काका तो अर्ज घेऊन खरोखर दोन बस बदलून कचेरीत देऊन आले. "त्यांचं ताक प्यालो होतो," म्हणाले.

आणि पुनरुत्थानाच्या सणाची पहाट. त्या दिवसांत सावरीची झाडं फुलून खाली सडा पडलेला असतो. काका पिशवी भरून फुलं आणायचे आणि उजाडायच्या आत आमच्या गच्चीवर त्यांचं एक मोठं वर्तुळ मांडायचे, बाहेर लाल, आत शिसमाची कोवळी पानं, मधोमध मोकळी जागा. मोकळी का, तर त्यांच्या श्रद्धेप्रमाणे त्या सकाळी ख्रिस्ताची कबर रिकामी सापडली होती. पहिल्या वर्षी माझी बायको वाळवण घालायला वर गेली, तिला वाटलं रांगोळी अर्धवट राहिली आहे. तिने मधल्या जागेत हळदकुंकू वाहिलं, वर उदबत्ती लावली. मी कपाळाला हात लावला. काका वर आले, वाकून बघितलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. "वहिनी, बरोबर ओळखलंत. पहिल्यांदा तिथे बायकाच पोचल्या होत्या. सुगंधी द्रव्यं घेऊन." पुढे दरवर्षी उदबत्ती बायकोकडे असे, आणि दुपारपर्यंत वारा सगळं घेऊन जाई. माझी मुलगी म्हणायची, "पापा, अंकल पक्का पागल हैं. पर बहोत अच्छेवाले."

आता माझी तक्रार सांगतो. ती अजून मिटलेली नाही.

आमच्या गच्चीवरून कसौलीचे डोंगर रोज दिसतात. पण हिवाळ्यात पाऊस पडून गेला आणि हवा धुऊन निघाली, तर वर्षादोनवर्षांत एखाद्या सकाळी, त्या डोंगरांच्या खूप मागे बर्फाची एक लांब रेघ दिसते. दहा-पंधरा मिनिटं. काका राहायला आले त्या पहिल्याच हिवाळ्यात काकूंना ती दिसली. त्या धावत खाली आल्या. काका ड्यूटीला निघायच्या गडबडीत दाढी करत होते. तोंडाला फेस तसाच ठेवून वर गेले, तोवर सगळं पुसलं होतं. "ढग असतील गं," ते म्हणाले. काकू म्हणाल्या, "असतील." वाद झाला नाही. दोन वर्षांनी काकू वारल्या, आणि तेव्हापासून काकांना त्या बर्फाचा एक फोटो हवा होता. "मी तिला ढग म्हणालो," ते मला म्हणाले. "तेवढं दुरुस्त करायचं राहिलंय." बाकीचे सगळे फोटो त्या एका फोटोच्या वाटेवरचे होते.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांचा रविवार. शनिवारी संध्याकाळी कॅमेरा लोखंडी कपाटात जायचा आणि सोमवारी बाहेर यायचा. रविवारी कितीही सुंदर ढग येवोत, इंद्रधनुष्य पडो, काका हात मागे बांधून बघत राहायचे. "सहा दिवस मी घेतच असतो की," म्हणायचे.

मग मुलाने त्यांना पिंपरीला बोलावलं. वय झालं होतं, मुलाचं बरोबर होतं. सामान बांधून झालं, ट्रक गुरुवारी येणार होता. त्याआधीच्या शुक्रवारी आणि शनिवारी रात्री पाऊस पडला. रविवारी सकाळी पाण्याची मोटर बघायला मी गच्चीवर गेलो, उत्तरेकडे नजर गेली, आणि मोटर तशीच राहिली. मी दोन दोन पायऱ्या उतरत जाऊन त्यांचं दार बडवलं. "काका! उठा! आला!"

"कोण आलं?"

"बर्फ!"

ते स्वेटर चढवत वर आले. हात रिकामे.

"कॅमेरा कुठाय?"

"शेठ, आज रविवार."

"मला कळतं रविवार आहे! गुरुवारी तुम्ही चाललात! चर्च किती वाजता?"

"दहाला."

"आत्ता सात वाजतायत. म्हणजे तुमचा रविवार दहाला सुरू होतो."

"नाही हो. तो रात्री बारालाच झाला सुरू."

"अमेरिकेत अजून शनिवार आहे!"

"असेल. मी मनीमाजऱ्यात आहे."

"बरं, तुम्ही हात लावू नका. कपाटाची किल्ली द्या. मी हिंदू माणूस, मला रविवार लागू नाही. बटण मी दाबतो, पाप माझ्या नावावर."

काका खळखळून हसले. मला संताप आवरेना. चाळीस वर्षांत हाताशी आलेला माल मी असा कुणाला सोडताना पाहिला नव्हता. "एकच फोटो काढा!" मी ओरडलो. "एकाने काय होतं?"

"त्याने दिवसही एकच मागितलाय, शेठ."

"मग काकूंसाठी तरी काढा!"

हे बोललो आणि जीभ चावली. काका हसायचे थांबले. मग शांतपणे म्हणाले, "तिने कुठे फोटो काढला होता? तिने नुसता बघितला. आज मला तिच्याएवढं बघू द्या."

ते कठड्यावर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. कसौलीचे डोंगर निळे, जवळ आल्यासारखे, आणि त्यांच्या मागे ती रेघ, आधी राखाडी, मग आतून कुणी दिवा लावत न्यावा तशी एका टोकापासून गुलाबी होत गेलेली. खाली कुठेतरी गुरुद्वारातलं कीर्तन चाललं होतं, दूधवाल्याची मोटारसायकल गेली, आणि ते सगळं खूप लांबून, पाण्याखालून ऐकू यावं तसं येत होतं. काकांचे ओठ हलत होते. मला वाटलं प्रार्थना. मी जवळ होतो म्हणून ऐकू आलं. ते म्हणत होते, "ढग नव्हते गं."

तरी मी मागे सरून माझ्या फोनने फोटो काढलाच. त्यात शेजाऱ्यांचे सोलर पॅनल स्पष्ट आले, आणि वर पांढरा डाग. तोवर धूसर झालं होतं. काका चर्चला जायला खाली गेले. मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. गुरुवारी ट्रकवाल्याशी मात्र कडाडून भांडलो, कारण कुणाशी तरी भांडणं मला गरजेचं होतं.

मला आजही वाटतं, त्यांनी तो फोटो काढायला हवा होता. नऊ वर्षं वाट बघायची आणि दारात आलेल्याला बसा म्हणायचं नाही, हा कसला व्यवहार? फोनवर मी हे त्यांना प्रत्येक वेळी ऐकवतो. ते प्रत्येक वेळी म्हणतात, "बरं." हल्ली त्यांचा हात कापतो, कॅमेरा नातवाला दिला आहे. खिडकीतून समोरची इमारत दिसते, म्हणाले, तिच्यावर संध्याकाळचं ऊन छान पडतं.

या जानेवारीत पुन्हा पाऊस झाला, आणि एका बुधवारी सकाळी बर्फ दिसला. मी गच्चीवरूनच फोन लावला.

"काका, दिसतोय. बुधवार आहे, बघून घेतलंय मी."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "सांगा."

"काय सांगू? बर्फ आहे."

"डावीकडून सुरू करा."

मला भाव सांगता येतो, शिव्या देता येतात. डोंगर कसा सांगतात? मी सुरू केलं. म्हटलं, डावीकडे एक बुटका सुळका आहे, तो अजून काळाच आहे. त्याच्या शेजारी लांब उतार. मुशीतली चांदी गार व्हायला लागते तेव्हा वरून एकदम उजळते ना, काका, तसा उजळलाय. मग एक खाच. खाचेत निळं. पलीकडे तीन सुळके खांद्याला खांदा लावून. काका मधे मधे "हं" म्हणत होते, लहान मूल गोष्ट ऐकताना म्हणतं तसं.

कालक्याच्या बाजूने धूर वर चढला. आधी खाच गेली, मग ते तीन सुळके. बघता बघता कसौलीच्या मागे काहीच राहिलं नाही.

"आहे अजून?" काकांनी विचारलं.

"आहे," मी म्हणालो. "आता उजवीकडे ऊन येतंय."

खालून बायको चहाला हाका मारत होती. समोर नुसता पांढरा धूर होता, आणि मी तिथे उभा राहून, घाई न करता, त्यांना एकेक सुळका सांगत राहिलो.