बापूंच्या रायफलीचा सायलेन्सर

बंदुकीच्या दुकानात बसणाऱ्या माणसाला किस्से शोधायला जावं लागत नाही. गिऱ्हाईक आत येतं ते किस्सा घेऊनच! काडतुसांची रजिस्टरात नोंद होते, किश्श्यांची होत नाही. त्यामुळं वीस वर्षांत माझ्या डोक्यात नुसता ढीग साचलाय. त्यातले सायलेन्सरचे तेवढे आज सांगून टाकतो.

आमचं दुकान अंबाजोगाईत. मालक आणि मिस्त्री एकच, करीमचाचा. वय सत्तर, पण हात अजून कापत नाही. मी काउंटरवर बसतो, रजिस्टर लिहितो आणि चाचांची बोलणी खातो. बंदुकीला सायलेन्सर बसवायचा नसतो, तो गुन्हा आहे, असं आम्ही भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय. तरी कुणी ना कुणी त्याच भिंतीला टेकून विचारतोच!

*

एकदा एक गडी बुलेटवरून आला. तो बसस्टँडपाशी होता तेव्हाच आम्हाला कळलं, इतका आवाज! दुकानाच्या काचा थरथरायला लागल्या. गाडी लावून आत आला आणि चाचांच्या कानाशी लागला, "चाचा, रायफलीला सायलेन्सर बसवून द्या की. आवाजाचा लई तरास हाय."

चाचांनी बाहेर बघितलं. "अरे मियाँ, गाडीचा कुठं हाय?"

"काढून टाकला. त्यानं मजा येत न्हाई."

"मग आधी तो बसव. गल्लीतल्या लोकांना बरं वाटू दे. मग माझ्याकडं ये!"

परत आला नाही. बुलेट मात्र अजून ऐकू येते.

*

धारूरकडचे एक मामा. त्यांची बंदूक बारा वर्षं फक्त लग्नात मिरवायच्या कामाची. म्हणाले, "जरा तेलपाणी करा. पुतण्याचं लगीन हाय. यंदा एक बार काढावा म्हणतो."

चाचांनी नळी उजेडाकडं धरली आणि डोळा लावला. पलीकडचा उजेडच दिसेना! कुंभारीण माशीनं आत मातीचं घर बांधलेलं. चाचांचा चेहरा पांढराफटक पडला. मामांनी तसाच बार काढला असता तर नळी हातातच फुटली असती. चाचा पाणी प्यायले आणि मग इतके हसले की डोळ्यात पाणी आलं.

"मामा, तुमच्या बंदुकीला तर माशीनंच सायलेन्सर बसवलाय!"

मामांनी गंभीरपणे विचारलं, "मग ते लायसनवर लिवून घ्यावं लागंल का?"

*

आता बापू. धर्मापुरीकडचे मोठे बागायतदार, राजकारणात ऊठबस, गाडीतून उतरले की चार माणसं मागं. त्यांनी नवीकोरी सेमी-ऑटोमॅटिक रायफल घेतली. घोडा दाबला की बार, परत दाबला की परत बार, मधे काही ओढायचं काम नाही. भुईमुगात रानडुकरं शिरायची, ती पळवायला बापू सांजच्याला हवेत पाच बार काढायचे.

एक दिवस माणसं बाहेर थांबवून एकटेच आत आले. "चाचा, सायलेन्सर पायजे."

"कावून?"

बापू इकडंतिकडं बघून म्हणाले, "म्हैस पान्हा चोरायलीय. ऐन धारंच्या टायमाला माझे बार. आक्का घरात घेईना झालीय मला."

आक्का म्हणजे त्यांच्या मालकीणबाई.

चाचा म्हणाले, "बापू, डुकरं आवाजानंच पळतेत ना? आवाज बंद केल्यावर कशी पळतील?"

"ते मला म्हाईत न्हाई. डुकरं पळाली पायजेत अन् म्हैस उभी राहिली पायजे!"

चाचांनी भिंतीकडं बोट केलं. बापूंनी ते वाचलं आणि शांतपणे म्हणाले, "तुमच्या दुकानाचं लायसन नूतनीकरणाला गेलंय म्हणं. वरती आपली वळख हाय. हिकडं बी, तिकडं बी."

एवढं बोलून गेले. चाचांनी त्या दिवशी डबा उघडला नाही. बसवावा तर तुरुंग, न बसवावा तर पन्नास वर्षांचं दुकान बंद. मला म्हणाले, "मियाँ, ह्या वयात मी कांदे विकू का?"

*

पण नशीब बघा! आठ दिवसांत निवडणूक लागली, आचारसंहिता आली. बंदुका जमा करा! ठाण्यापुढं ही रांग. लोकांसारखं रांगेत उभं राहायची बापूंना लाज. जमा करून घ्यायची आमच्या दुकानाला परवानगी आहे, म्हणून मागच्या दारानं आमच्याकडं आले.

"चाचा, कुणाला बोलायचं न्हाई." चाचांनी शब्द दिला. बापूंनी रायफल दिली, पावती घेतली. "कव्हर तेवढं ऱ्हाऊ द्या माझ्याकडं."

रिकामं कव्हर कशाला, हे आम्ही विचारलं नाही. चाचांनी रायफल कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

*

महिन्यानं फौजदारसाहेब दुकानात. "चाचा, तुम्ही बापूंच्या रायफलीला सायलेन्सर बसवल्याचं गावभर बोलतायत. रजिस्टर काढा. तुमच्या लायसनचा अहवाल मला द्यायचाय."

माझ्या हातातून रजिस्टर पडलं. चाचा तोंड उघडणार, तेवढ्यात दारात आक्का! हातात खव्याचा डबा.

"चाचा, घ्या. घरच्या म्हशीचा हाय. लई झ्याक बसवलाव बघा सायलेन्सर!"

संपलं, मी म्हटलं. गेलं दुकान.

साहेब मऊ आवाजात म्हणाले, "असं? तुम्हाला कसं कळलं आक्का?"

"कसं म्हंजे? हे रोज सांजच्याला कव्हर खांद्याला लावून रानात जातेत. आले की सांगतेत, आज बी पाच बार काढले. म्या कान लावून बसते, बिलकूल आवाज न्हाई! अन् म्हैस तांब्याभर जास्त द्यायलीय."

चाचा एक शब्द बोलले नाहीत. शब्द दिला होता ना बापूंना! उठले, आतल्या खोलीत साहेबांना नेऊन कपाट उघडलं. रायफल जमा केलेल्या दिवसाची चिठ्ठी बांधून तशीच उभी, नळीचं तोंड मोकळं.

साहेबांनी चिठ्ठी वाचली. रायफलीकडं बघितलं, दाराबाहेरच्या आक्कांकडं बघितलं, तोंडावर रुमाल धरला आणि बराच वेळ खोकत राहिले. मग रजिस्टरवर सही ठोकली. "चाचा, तुमचा अहवाल आजच पाठवतो. चांगला." माझा जीव भांड्यात पडला! चाचांनी भिंतीला टेकून डोळे मिटले.

साहेब बाहेर आले, चिमूटभर खवा तोंडात टाकला. "छान झालाय, आक्का."

आक्का खूश. साहेबांच्या कमरेच्या पिस्तुलाकडं बघून म्हणाल्या, "साहेब, तुमी बी बसवून घ्या की एक. तुमच्याकडं म्हैस हाय का न्हाई?"